अंक आणि अक्षर

हयातभर मुलांना अंकगणित शिकविलें. परंतु संख्या निराळी आणि तिचें लेखन निराळें, हा पाठ मला साठी उलटल्यावर नातवाच्या एका चुकीनें मिळाला.

त्यानें जावास्क्रिप्ट या १९९५ सालीं निघालेल्या संगणकभाषेंत लहानसा प्रोग्रॅम लिहून सर्व आप्तांच्या टेलिफोनची यादी छापली व आमच्या नांदेडच्या घरीं भिंतीस लाविली. गेल्या पावसाळ्यांत लातूरच्या आमच्या वडील भगिनींना ताप भरल्याचें सायंकाळीं कळलें. रात्रीं त्यांचा मोबाइल बंद. यादींत पाहून घरचा फोन लाविला, तो लागेना. सारें घर कासावीस झालें. शेवटीं कुटुंबानें आपली जुनी वही काढली. तींत लातूरचा संकेतांक ०२३८२ होता. यादींत नुसता २३८२! फोन लागला, ताप उतरला होता.

सकाळीं यादी पुनः पाहिली, तों नांदेडच्या ०२४६२ च्या जागीं चक्क १३३०! नातू ओशाळून म्हणाला, “आजोबा, मीं तो यंत्राला संख्या म्हणून दिला, अक्षरें म्हणून नाहीं.”

त्याचें मर्म असें. अवतरणचिन्हांवांचून लिहिलेले अंक यंत्र संख्या समजतें, आणि संख्येला आरंभींच्या शून्याची किंमत नाहीं. शिवाय या भाषेच्या जुन्या रूढीप्रमाणें शून्यानें आरंभ होणाऱ्या संख्येंत ८ किंवा ९ नसेल, तर ती अष्टमान पद्धतीनें वाचली जाते. म्हणून २×५१२, ४×६४, ६×८ आणि २ मिळून १३३० झाले. लातूरच्या संकेतांकांत ८ असल्यानें त्याचें केवळ शून्यावर निभावलें! पुढें छापण्यासाठीं त्या मूल्याचीं अक्षरें केलीं, तेव्हां मूळ लेखनाची स्मृति यंत्रापाशीं उरलीच नव्हती. मूल्यापासून अक्षरें घडवितां येतात. गेलेलीं अक्षरें परत आणतां येत नाहींत.

आपल्या पाणिनीनें हा विवेक फार पूर्वीं केला. व्याकरणांत शब्दानें स्वतःचें रूपच घ्यावें, अर्थ नव्हे, असा त्याचा नियम आहे. ‘अग्नि’ला प्रत्यय लावावयाचा तो शब्दाला, निखाऱ्याला नव्हे. अवतरणचिन्हें यंत्राला हेंच सांगतात.

तेव्हां घरांतील मुलांस एवढेंच सांगावें: ज्या अंकांची बेरीज करण्यांत अर्थ नाहीं, ते टेलिफोनचे असोत वा बँकेच्या खात्याचे, त्यांस नांवाप्रमाणें जपावें. नातवानें यादी सुधारली आहे. कुटुंबाची वही मात्र फोनपाशींच आहे.