पंप सुरू करताच ईएलसीबी का पडते?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगरच्या सुमारास किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने मुरूड तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोडपून काढल्या, काशीदच्या सुरूच्या बनातील झाडे आडवी पडली आणि विजेचे खांब कोलमडले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. विहिरींत पाणी होते; ते वर आणण्याचे साधन तेवढे बंद पडले होते. एके काळी या वाड्यांचे शिंपणे रहाटावर चाले. रहाटाला बैल किंवा रेडा लागे, वीज लागत नसे. आज तो रहाट बहुतेक ठिकाणी मोडीत निघाला असून घराचे सारे पाणी एका पंपावर आणि त्याच्या दोन-तीन तारांवर अवलंबून आहे.

त्या तारा बिघडण्यास वादळच यावे लागते असे नाही. काशीद, नांदगाव, मुरूड या पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या व्यापारी कुटुंबांनी घेतलेली घरे वर्षातील बराच काळ बंद असतात. समुद्रावरील खारी हवा स्टार्टरच्या पेटीत शिरते, तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, पितळी स्क्रू सैल पडतात. पंप रोज चालला असता तर दोष लवकर उघड झाला असता. तो दोन महिन्यांनी एकदा चालतो, तोही नेमका पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी. मग राखणदाराचा दूरध्वनी येतो.

“शेठ, पंप चालू केला की ईएलसीबी पडते.”

“अरे, मग ती काढून डायरेक्ट जोड. सकाळी मंडळी निघाली आहेत. टाकी भरली पाहिजे.”

बोलणारा माणूस दुष्ट नसतो. दुकानात गिऱ्हाईक उभे असते आणि ईएलसीबी म्हणजे काहीतरी नाजूक, वारंवार कुरकुरणारे उपकरण, अशी त्याची समजूत असते. परंतु त्या एका वाक्याने कोणती जोखीम कोणाच्या माथी जाते, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप साधारण सात-आठ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून बोर्डावर बहुधा १६ अँपिअरची एमसीबी बसवतात. समजा, मोटारीच्या वेटोळ्यावरील आवरण खराब होऊन वीज पंपाच्या लोखंडी कवचात उतरली. वाळूच्या जमिनीत, विशेषतः वैशाखात ती कोरडी पडल्यावर, अर्थिंगचा रोध २० ओहमपर्यंत असू शकतो. २३० व्होल्टला २० ने भागले की साडेअकरा अँपिअर येतात. म्हणजे साडेअकरा अँपिअर वीज जमिनीत जात राहील आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. तेवढा वेळ पंपाचे कवच आणि त्याला जोडलेला लोखंडी पाइप जिवंत तारेसारखा उभा असेल. ओल्या पायांनी त्याला हात लावणारा माणूस शेठ नसतो, राखणदार असतो. ज्याला सारे ईएलसीबी म्हणतात आणि नव्या डब्यांवर ज्याचे नाव आरसीसीबी असे छापलेले असते, ते उपकरण अवघ्या ३० मिलीअँपिअर गळतीवर पुरवठा तोडते. ते पडते तेव्हा बहुधा आपले काम चोख बजावत असते.

दोष शोधण्याचा क्रम बोर्डाकडून विहिरीकडे जाणारा असावा. परवानाधारक वायरमनने मुख्य पुरवठा बंद करून पंपाकडे जाणारी केबल बोर्डावर सोडवावी आणि मग ईएलसीबी चढवावी. तरीही ती पडली तर दोष घरातील जोडणीत किंवा त्या उपकरणातच आहे. टिकली तर केबलमध्ये किंवा मोटारीत. पाण्यातील सबमर्सिबल असेल तर केबलचा जोड आधी तपासावा. चिकटपट्टी गुंडाळून केलेल्या जोडात पाणी शिरते आणि निर्दोष मोटार रिवाइंडिंगला पाठवली जाते. असे बिल भरणारे पुष्कळ आहेत. ५०० व्होल्टच्या मेगरने मोटार व केबल वेगवेगळी तपासली की हा घोटाळा टळतो. वाचन एक मेगओहमच्या खाली असेल तर ती वस्तू वापरू नये.

ईएलसीबी पडत नाही, मोटार नुसती घूं घूं करते आणि फिरत नाही, हा निराळा प्रकार. अशा वेळी पुनःपुन्हा बटण दाबल्यास मोटार जळते. बहुधा कपॅसिटर, ज्याला वायरमन कंडेन्सर म्हणतात, तो निकामी झालेला असतो, आणि तो मोटारीच्या मानाने फारच स्वस्त मिळतो. पुरवठा बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. त्याच्या टोकांना हात लावू नये.

मात्र कपॅसिटर बदलूनही मोटार उठत नसेल तर दाब पाहावा. मोटारीचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब ८० टक्क्यांवर आला, तर जोर ६४ टक्क्यांवर घसरतो. येथे एक चूक सर्रास होते. मोटार बंद असताना मीटर लावतात, २२५ दिसतात आणि पुरवठा उत्तम असल्याचा निर्वाळा दिला जातो. दाब मोजायचा तो मोटार सुरू होत असताना. त्या क्षणी काटा १७० पर्यंत कोसळला तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे. मीटरच्या अलीकडे, खांबाच्या बाजूला दोष असेल तर ते काम महावितरणचे. १९१२ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

दुकानाचा रोजमेळ ज्या घरात एक दिवस चुकत नाही, त्या घराने पंपाचाही रोजमेळ ठेवण्यास हरकत नसावी. बोर्डाजवळ एक वही टांगावी. तारीख, सुरू होतानाचा दाब, चालतानाचे अँपिअर, टाकी भरण्यास लागलेली मिनिटे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पंप चालवावा आणि महिन्यातून एकदा ईएलसीबीवरील ‘टी’ अक्षराचे चाचणी बटण दाबावे. खाऱ्या हवेत त्याची आतील यंत्रणा अडकून बसते आणि वेळेवर पडत नाही. अँपिअर कमी होत जाऊन टाकी भरण्यास अधिक वेळ लागू लागला तर विहिरीची पातळी किंवा फुटव्हॉल्व्ह पाहावा. अँपिअर वाढत गेले तर मात्र वायरमनला बोलवावे. ही वही वाचली की त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि मालकाला मुंबईत बसून हुकूम सोडण्याऐवजी विचारण्यासारखा प्रश्न सापडतो.

वीज गेल्यावर पंपासाठी जनित्र जोडणाऱ्यांनी चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसेल तर जनित्राची वीज उलट खांबावर चढते, आणि तेथे दुरुस्तीसाठी कोणी चढलेला असू शकतो.

सबमर्सिबल वर काढताना दोर त्याच्या कडीला बांधलेला हवा. केबल धरून ओढल्यास जोड तुटतो. काम सुरू होण्यापूर्वी कटआउटमधील फ्यूज काढून घ्यावेत आणि ते विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्याच खिशात ठेवावेत.