मियाटाच्या खाली शिरण्याआधी

न्यू जर्सीत, डॅलसला, बे एरियात राहणाऱ्या तुमच्यापैकी काही जणांच्या डोक्यात सध्या एक जुनी, दोन सीटची, कापडी टपाची माझदा मियाटा घोळते आहे. इंग्लंडमधले वाचक तिला एमएक्स-५ म्हणतात. काहींनी ती घेऊनही टाकली आहे. पोरं मोठी झाली, घराला गॅरेज आहे, शनिवारची दुपार मोकळी असते. मेकॅनिक तासावर पैसे लावतो, तेव्हा जमेल तेवढं घरीच करू, असाही विचार आहे.

जरूर करा. हात काळे करायला ही गाडी चांगली आहे. फेब्रुवारी १९८९मध्ये ती शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. १९९७पर्यंत चाललेल्या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या हिरोशिमात तयार झाल्या. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. बंद पडलेले काही भाग माझदाने पुन्हा बनवायला घेतले आहेत. गाडी टनाच्या आसपास वजनाची, साधी, आणि बॉनेट उघडलं की बरंचसं समोर दिसणारी.

पण एक गोष्ट आधी मनाशी धरा. या गाडीचं इंजिन चिवट आहे. पत्रा चिवट नाही. लोक इंजिनावर पैसे घालतात आणि खालून पत्रा कुजत राहतो. म्हणून पहिला खर्च आणि पहिला वेळ कुठे द्यायचा, ते मी माझ्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी तुमचा जीव

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. एक मिनिटासाठीही नाही. पडलेला बोल्ट उचलायलाही नाही.

जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. गाडी धरायला स्टँड लागतात. चांगले घ्या. २०२०मध्ये अमेरिकेत एका स्वस्त ब्रँडचे लाखो स्टँड कंपनीला परत बोलवावे लागले होते, कारण त्यांचे दाते अचानक सुटू शकत होते. जुने स्टँड कुणी फुकट देत असेल तर आधी त्यांचा मॉडेल नंबर तपासा.

जमीन सपाट आणि पक्की हवी. उतरता ड्राइव्हवे नको. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात, तेव्हा खाली जाड प्लायवूड घाला. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढूनमागून अडकण लावा. स्टँडवर गाडी ठेवली की बाजूने चांगला धक्का देऊन बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

स्टँड कुठे लावायचे ते पुस्तकात दाखवलेलं असतं. दाराखालच्या पट्टीच्या कडेला त्यासाठी मजबूत जागा असतात. पण तिथेच गंज असेल तर स्टँड पत्र्यात घुसतो. अशा गाडीखाली जाऊ नका. आधी पत्र्याचं काम करून घ्या.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धूर घरात शिरतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा पाण्याचा बंब असेल तर पेट्रोलच्या पाइपांचं काम तिथे अजिबात नको. ते बाहेर, उघड्यावर.

आणि गाडीखाली जाताना घरात कुणाला तरी सांगून जा. फोन खिशात ठेवा.

अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत असाल तर करारनामा काढून वाचा. पार्किंगमध्ये गाडीची दुरुस्ती करायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. अर्धी खोललेली गाडी टो होऊन गेली, तर वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

मग पाणी

दोन्ही सीटच्या मागे, टप जिथे गाडीला जोडलेला आहे तिथे, डावी-उजवीकडे एकेक भोक असतं. टपावरचं पावसाचं पाणी त्यातून खाली जातं आणि मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखालून बाहेर पडतं. पानं, माती, झाडाचा चीक यांनी ही भोकं बुजतात. मग पाणी आतल्या गालिच्यात उतरतं आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं. पट्टी आतून कुजते. बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत चकचकीत.

तपासणी सोपी आहे. कपभर पाणी हळूहळू त्या भोकात ओता. खाली लगेच धार आली तर ठीक. नाही आली तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घेऊन अलगद आत-बाहेर करा. टोकदार तार घालू नका, आतली नळी फाटते. हे काम दर पानगळीनंतर करा. झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर जास्त वेळा.

मग गालिचा उचला. खाली हात लावून बघा. ओल असेल तर पंखा लावून पूर्ण वाळवा, नुसतं पुसू नका.

गाडी घ्यायच्या आधी मागच्या चाकाच्या पुढची दाराखालची पट्टी अंगठ्याने दाबून बघा. चुंबक बरोबर न्या. रंगाखाली लांबी भरलेली असेल तर चुंबक चिकटत नाही. शिकागो, मिशिगन, न्यू जर्सी इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्या जास्त कुजतात. कोरड्या प्रदेशातली, जास्त मैल चाललेली गाडी मला मिठातल्या कमी मैलांच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

टपाची मागची काच प्लास्टिकची असेल तर टप उघडताना आधी तिची चेन सोडून ती सपाट पाडा. कडक थंडीत टप दुमडू नका. प्लास्टिक तडकतं.

बॅटरी डिकीत आहे, आणि इथे बरेच जण फसतात. हिची मूळ बॅटरी सीलबंद जातीची आहे आणि तिच्यातला वायू नळ्यांवाटे गाडीबाहेर जातो. पैसे वाचवायला साधी ॲसिडची बॅटरी बसवली की वाफ डिकीत कोंडते आणि पत्रा खाते. योग्य जातीची बॅटरी महाग असते. तरी तीच घ्या, आणि नळ्या जोडायला विसरू नका.

तेल-पाणी

आदल्या मालकाने काय केलं ते विचारा, पण त्यावर विसंबू नका. गाडी आली की सगळी तेलं एकदा स्वतः बदला. म्हणजे तारीख तुमच्या हातात राहते.

इंजिनचं ऑइल साडेतीन-चार लिटरच्या आसपास लागतं. डबा रिकामा करायच्या नादात भरू नका, डिपस्टिक बघत भरा. फिल्टर इंजिनाच्या उजव्या अंगाला, हवा आत नेणाऱ्या जाड नळ्यांखाली दडलेला आहे. गाडी नुकतीच चालवून आला असाल तर थोडी थंड होऊ द्या, नाहीतर मनगट भाजेल. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग बरोबर निघाली का ते बघा. ती कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर चालू करताच सगळं तेल जमिनीवर.

खालचा बोल्ट बेताने आवळा. आटे गेले तर वीस मिनिटांचं काम आठवडाभर पुरतं.

चालू केल्यावर वरून टिकटिक ऐकू आली तर घाबरू नका. या इंजिनाची ती जुनी खोड आहे. तेल कमी असेल किंवा जुनं झालं असेल तर जास्त येते. आधी तेलाची पातळी बघा.

गिअरबॉक्सचं तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडा, काढायचा नंतर. खालून सगळं तेल सोडलं आणि मग वरचा बोल्ट निघेना, असं झालं तर गाडी जागची हलवता येत नाही.

रेडिएटरच्या वरच्या भागाकडे बघा. तो प्लास्टिकचा आहे आणि मुळात काळा असतो. तपकिरी पडला असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय. फुटायची वाट बघू नका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. काढलेलं कूलंट ताटलीत तसंच ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर लगेच झाकणाच्या डब्यात भरा. वापरलेलं इंजिन ऑइल सुट्या भागांची बरीच मोठी दुकानं फुकट घेतात. गटारात ओतू नका.

त्याच दुकानांत अनामत ठेवून हत्यारंही मिळतात. वर्षातून एकदा लागणारं हत्यार विकत कशाला घेता? टॉर्क रेंच मात्र स्वतःचा घ्या.

ब्रेक आणि क्लच

ब्रेक पॅड बदलणं अवघड नाही. पण पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी बसवा. एका वेळी एकच चाक खोला. दुसऱ्या बाजूचं तसंच असू द्या, म्हणजे काय कुठे होतं ते बघायला मिळतं.

मागच्या ब्रेकला एक खुबी आहे. पुढचा पिस्टन दाबून आत जातो, मागचा जात नाही, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या आतच आहे. शिकंजा लावून दाबाल तर मोडेल. कॅलिपरच्या पाठीमागे एक छोटा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीची जागा दिसते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की पिस्टन मागे सरतो. नवे पॅड बसवल्यावर ते चकतीला टेकेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग एक तृतीयांश फेरा सैल करा, आणि तो छोटा बोल्ट परत लावा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून पाण्याची बादली शेजारी असू द्या.

एखाद्या सकाळी क्लचचं पेडल पायाखाली नुसतं बुडेल आणि गिअर पडणार नाही. लगेच गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करू नका. बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला क्लचचा छोटा सिलिंडर गळत असतो. या गाडीत तो नेहमीच जातो. दोन बोल्ट, एक पाइप, आणि भाग स्वस्त. मात्र नंतर पाइपातली हवा काढायला दुसरं माणूस लागतं, पेडल दाबायला. घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला बोलवा. ‘दाब’, ‘धरून ठेव’, ‘सोड’ एवढं नीट ठरवून घ्या. बायकोला किंवा नवऱ्याला बोलवणार असाल तर आवाज चढवू नका. पुढच्या वेळी येणार नाहीत.

ज्याला हात लावू नका

स्टिअरिंगमधली एअरबॅग. ती जाणकाराचीच.

दिवे वर-खाली होतात ती जागा गंमत म्हणून बोटं घालायची नाही. तिथे काम असेल तर आधी बॅटरी सोडा.

टायमिंग बेल्ट साधारण ६०,००० मैलांना बदलायचा असतो. तुटला तर या इंजिनाचा सहसा चुराडा होत नाही, गाडी रस्त्यात थांबते एवढंच. पण ते पहिल्या वर्षाचं काम नव्हे. त्यातून तुमची गाडी १९९० किंवा १९९१च्या सुरुवातीची असेल तर जास्त जपा. त्या गाड्यांत क्रँकच्या पुढच्या टोकाची खाच झिजायची तक्रार असते, आणि तिथला बोल्ट चुकीचा आवळला गेला तर क्रँकच जातो. ज्याने हे काम आधी केलंय, त्यालाच द्या.

टायरवर भरपूर नक्षी दिसली म्हणून ते चांगले, असं समजू नका. अशा गाड्या वर्षाला थोड्याच फिरतात. टायर झिजत नाही, म्हातारा होतो. त्याच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर तुम्हाला दगा देईल. जास्त ताकदीचं काही बसवायचा मोह होईल, तेव्हा आधी ते चार आकडे वाचा.

काम करताना

एका वेळी एकच काम. वर्कशॉप मॅन्युअल विकत घ्या आणि त्या कामाचं पान सुरू करण्याआधी शेवटपर्यंत वाचा. खोलण्याआधी फोनवर फोटो काढा. बोल्ट ठेवायला जुना मिसळणाचा डबा उत्तम, वाटीवाटीत वेगळे राहतात. तो पुन्हा स्वयंपाकघरात मात्र जाणार नाही, हे आधी घरात कबूल करून घ्या.

गंजलेला बोल्ट हलत नसेल तर जोर करू नका. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. दमलात, अंधार पडला, चिडचिड होऊ लागली, तर हत्यारं खाली ठेवा.

काम संपलं की गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. नवे पॅड घातल्यावर पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात, आणि तेवढ्यात गाडी गॅरेजच्या दारावर जाते. मग कॉलनीतच एक चक्कर मारा. चाकं काढली असतील तर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय, कुठल्या रंगाचा आहे, ते बघा.

आणि रविवारी केलेल्या कामाच्या भरवशावर सोमवारी ऑफिसला मियाटा नेऊ नका. घरची दुसरी गाडी न्या.