वाडा विकसनास देण्यापूर्वीं

घराण्याचा वाडा पाडावयाचा असें ठरलें, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळींना तुळशीवृंदावनाची चिंता लागते, तर तरुणांना लिफ्टची. या वादांत जो प्रश्न सर्वांआधीं विचारावयास हवा, तो बहुधा मागेंच राहतो. ज्याच्या हातीं आपण पिढीजात जागा देणार, त्यानें आजवर बांधलेल्या इमारतींचें पुढें काय झालें?

आमच्या चुलत्यांनीं २००९ सालीं पुण्याच्या सदाशिव पेठेंतील वाडा एका विकसकास दिला. गृहस्थ बोलण्यांत आर्जवी होता. त्यानें दुसऱ्या एका इमारतीचें शिक्क्यासहित परवानगीपत्र दाखविलें. चुलत्यांची हयात सरकारी नोकरींत गेलेली; शिक्का पाहून त्यांचें समाधान झालें. अडीच वर्षांत इमारत उभी राहिली, वास्तुशांत झाली आणि मंडळी राहावयास गेली. भोगवटापत्र मात्र आलें नाहीं. कारण मंजूर नकाशांत नसलेल्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर चढविलेल्या होत्या. नातवाच्या शिक्षणासाठीं घर तारण ठेवण्याची वेळ आली, तेव्हां बँकेनें नेमका तोच कागद मागितला.

वाचकांनीं येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. महाराष्ट्रांतील १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणें मिळणारें बांधकाम प्रारंभपत्र म्हणजे केवळ आरंभाची अनुज्ञा होय. ती एक वर्ष चालते व पुढें वर्षावर्षानें मर्यादित काळापुरती वाढवून घ्यावी लागते. मग जोत्याची तपासणी होते आणि अखेर, बांधकाम नकाशाबरहुकूम झालें असल्यास, भोगवटापत्र मिळतें. आरंभाचें पत्र बहुतेकांजवळ असतें. विकसकाची पारख शेवटच्या पत्रावरून होते.

जानेवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें मुंबईच्या एका गृहनिर्माण संस्थेचें प्रकरण आलें होतें. तेथील रहिवाशांना १९९७ सालीं ताबा मिळाला, पण भोगवटापत्र मिळालें नाहीं. त्यामुळें त्यांना घरपट्टी २५ टक्के व पाणीपट्टी ५० टक्के अधिक भरावी लागली. भोगवटापत्र न मिळवून देणें ही सेवेंतील त्रुटि होय, असें न्यायालयानें ठरविलें. परंतु एवढें ठरेपर्यंत त्या कुटुंबांचीं पंचवीस वर्षें गेलीं होतीं.

मग चौकशी कशी करावी? विकसकाकडून त्याच्या मागील पांच-सात इमारतींची यादी घ्यावी. तींत पत्ता, सिटी सर्व्हे क्रमांक, प्रारंभपत्राची तारीख व भोगवटापत्राची तारीख हीं चार सदरें असावींत. चौथें सदर कोरें असल्यास कारण विचारावें. वारसांचा तंटा किंवा न्यायालयाची मनाई यांमुळें एखादें काम रखडूं शकतें, आणि त्याचा कागद त्याला दाखवितां येतो. तीन इमारतींचें सदर कोरें असेल, तर मात्र ती त्याची रीतच समजावी.

दुसरा मार्ग महारेराचा. १ मे २०१७ पासून पूर्णपणें लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्यानें नोंदणीच्या वेळीं विकसकास मागील पांच वर्षांतील प्रकल्प, त्यांतील विलंब व चालू दावे सांगावे लागतात, आणि ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. मात्र ज्या प्रकल्पाची जागा ५०० चौरस मीटरांहून अधिक नाहीं, किंवा ज्यांत सदनिका आठांहून अधिक नाहींत, त्यास या नोंदणींतून सूट आहे. पेठांतील पुष्कळ वाडे या मर्यादेच्या आंत बसतात. म्हणून तेथें नांव आढळलें नाहीं एवढ्यावरून कोणास भला वा बुरा ठरवूं नये.

अशा वेळीं माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा उपयोगी पडतो. महानगरपालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडे दहा रुपयांचें शुल्क भरून अर्ज केल्यास तीस दिवसांच्या आंत उत्तर मिळावें असा नियम आहे. शिवाय एखाद्या सायंकाळीं त्या इमारतींत समक्ष जावें. संगमरवराची स्तुति ऐकत न बसतां, भोगवटापत्र मिळालें काय आणि पाणीपट्टी किती येते, हे दोनच प्रश्न तेथील गृहिणींना विचारावेत. शेवटीं करारनाम्यांत अट घालावी कीं, भोगवटापत्र हातीं येईपर्यंत विकसकाच्या वांट्याची निदान एक सदनिका विक्रीस मोकळी होणार नाहीं.

हें सारें करणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें चुलत्यांना वाटलें असतें. भल्या माणसास अशा चौकशीचा राग येण्याचें कारण नाहीं. तो कागद स्वतःहून पुढें करतो.

चुलते आतां नाहींत. काकूंच्या कपाटांत जुन्या वाड्याचें खरेदीखत रेशमी वस्त्रांत अजून बांधून ठेवलेलें आहे. तो वाडा राहिला नाहीं, आणि ज्या घरांत त्या राहतात त्याचा शेवटचा कागद त्यांच्या हातीं पडलेला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांचा वाडा पाडावयास फार दिवस लागत नाहींत. त्याआधीं एक महिना तरी या चौकशीस द्यावा, एवढेंच सांगणें आहे.