साखर मोजली, पुढे काय?

दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवून दिवसभर मोबाइलवर साखर पाहण्याचा प्रघात आता मधुमेह नसलेल्यांतही पडू लागला आहे. जितके जास्त मोजू तितके आरोग्य चांगले, असा त्यामागचा समज. नियंत्रणाचे गणित मात्र वेगळेच विचारते: हा आकडा कळल्याने निर्णय बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर त्या माहितीचे मोल शून्य. रोनाल्ड हॉवर्ड या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६६ मध्ये माहितीचे मोल ठरवण्याची जी रीत मांडली, तिचा गाभा हाच.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे मोल फार मोठे. जेवणाआधी साखर ८० आहे की २८०, यावर डोस ठरतो. १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘डीसीसीटी’ या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात टाइप-१ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण होते. त्यातील एका गटाने रोज किमान चार वेळा साखर तपासून इन्सुलिन त्याप्रमाणे बदलले. ज्यांचे डोळे सुरुवातीला निर्दोष होते, त्यांच्यात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. दोन तपासण्यांच्या मधे, विशेषतः रात्री, काय चालले आहे हे दिसतच नव्हते. ती उणीव सेन्सरने भरून काढली. दर पाच मिनिटांनी आकडा घेऊन इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

आता दुसरी बाजू. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप-२ मधुमेहाच्या ४५० रुग्णांवर नॉर्थ कॅरोलिनात झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज बोट टोचणारे आणि अजिबात न टोचणारे यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत वर्षाअखेर लक्षणीय फरक नव्हता. यात नवल ते काय? आकडा १४० येवो वा १७०, गोळी तीच राहणार असेल, तर टोचून साधणार काय!

याचा अर्थ ग्लुकोमीटर अडगळीत टाकावा असा नव्हे. साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, आजारपण, औषधात नुकताच झालेला बदल अशा वेळी एकेक आकडा कामाचा असतो. पण चिठ्ठीवर बहुधा ‘रोज साखर तपासा’ एवढेच असते. किती आल्यास काय खायचे, कोणती गोळी टाळायची, फोन कधी करायचा, या दोन ओळी त्याखाली हव्यात. त्या नसतील, तर स्ट्रिप्सची पुढची डबी विकत घेण्याआधी रुग्णाने डॉक्टरांकडून त्या लिहून घ्याव्यात.