मिशनची पेटी आणि आपले फादर

ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार म्हणजे मिशन रविवार. 1926 साली पोप अकरावे पायस यांनी तो नेमून दिला आणि त्याला जत्रेचं रूप आपण वसईकरांनी दिलं. मिस्सा संपली की चर्चच्या आवारात केळीचा घड, गावठी कोंबडी, कुणाच्या वाडीतला भोपळा लिलावाला येतो. पन्नास रुपयांच्या भोपळ्याची बोली पाचशेवर जाते आणि बोली जिंकणारा तोच भोपळा पुन्हा लिलावाला ठेवतो. मला हा प्रकार मनापासून आवडतो. वाद सुरू होतो तो पैसे मोजून झाल्यावर.

आमच्या गावचे एक फादर पूर्व आफ्रिकेत असतात. मग हे पैसे रोमला न देता त्यांनाच का नाही पाठवायचे? रोमला काय कमी आहे? दरवर्षी हा प्रश्न येतो आणि दरवर्षी प्रमुख धर्मगुरू तेच उत्तर देतात की, ही वर्गणी जगभरच्या मिशन कार्याच्या सामाईक निधीत जाते आणि तिथून गरजू धर्मप्रांतांना वाटली जाते. ऐकणाऱ्यांचं समाधान होत नाही.

या निधीचं मूळ एका कापड गिरणीच्या वातावरणात आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात पोलीन जारिको नावाची रेशीम व्यापाऱ्याची मुलगी होती. पॅरिसला धर्मगुरू होण्यासाठी शिकणारा तिचा भाऊ चीनमधल्या मिशनच्या हलाखीबद्दल तिला लिहायचा. तिने रेशमाच्या कारखान्यातल्या बायकांना हाताशी धरलं. दर आठवड्याला प्रत्येकीने एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणं, द्यायचं. एकीने दहाजणींकडून गोळा करायचं, अशा दहा गटांवर आणखी एकीने देखरेख करायची. शिक्षणासाठी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची गोष्ट ठाऊक असलेल्याला यातली ताकद वेगळी सांगायला नको. 1822 च्या मे महिन्यात याच जाळ्यावर धर्मप्रसाराची रीतसर संस्था उभी राहिली. पहिले पैसे कुठे गेले? चीनच्या बाजूला गेले, तसे अमेरिकेतल्या लुईझियाना आणि केंटकीलाही गेले. अमेरिका तेव्हा घेणाऱ्यांच्या रांगेत होती! शिवाय मिशनऱ्यांची पत्रं एका नियतकालिकात छापली जायची आणि दहाजणांच्या प्रत्येक गटाला त्याचा एक अंक मिळायचा. आपलं नाणं कुठे पोचलं हे त्या कामगार बायकांना वाचायला, निदान ऐकायला तरी मिळत होतं. खुद्द पोलीन मात्र 1862 मध्ये कफल्लक अवस्थेत वारली. चर्चने तिला 2022 मध्ये धन्यवादित घोषित केलं. उशीर झाला, पण झालं.

1922 मध्ये संस्थेचं मुख्यालय लिआँहून रोमला हललं. त्याआधी वाटपाच्या चाव्या फ्रेंचांच्या हाती होत्या. देणारा आधी आपल्या माणसांकडे पाहतो, म्हणून माझ्या मते ते हलणं योग्यच होतं आणि आपल्या लिलावाच्या वादाचं उत्तरही त्यातच आहे. आपल्या फादरांच्या पाठीशी वसई आहे. त्यांच्या शेजारच्या मिशनमध्ये तिथलाच कुणी तरुण धर्मगुरू असेल, तर त्याच्या पाठीशी कोण आहे? त्याच्यासाठी भोपळा कुणी विकत नाही. त्यामुळे मिशन रविवारची वर्गणी सामाईक निधीतच जावी.

मग आपल्या फादरांचं काय? ते सुट्टीवर आले की आपण शाल देतो, जेवणावळी घालतो, भलंमोठं पाकीट हातात ठेवतो. ते गेले की पुढची सुट्टी येईपर्यंत सगळं सामसूम. मिशनचा खर्च मात्र सुट्टी घेत नाही. गाडीचं डिझेल, टायर, दूरच्या पाड्यावर प्रार्थना चालवणाऱ्या कॅटेकिस्टचं मानधन, मलेरियाची औषधं हे सगळं दर महिन्याला लागतं. दात्यांना मात्र नावाची फरशी बसवता येईल अशी इमारत हवी असते. डिझेलवर फरशी बसत नाही, हीच अडचण.

कायद्याचीही एक बाजू आहे. बाहेरून भारतात येणाऱ्या देणग्यांवरची बंधनं आपल्याला तोंडपाठ आहेत. इथून बाहेर जाणाऱ्या पैशाचा विचार फारसा कुणी करत नाही. धर्मादाय न्यासाने उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं, तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या परवानगीशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही. त्यामुळे धर्मग्रामाच्या खात्यातून थेट पैसे पाठवा असा आग्रह धरून प्रमुख धर्मगुरूंना अडचणीत आणू नये. एकेकट्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत राहून स्वतःच्या खात्यातून परदेशी देणगी देता येते.

आणि आपण कुणावर उपकार करतो आहोत असंही नाही. बाहेरून आलेल्यांचं ऋण आपल्यावर आधीच आहे. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 मध्ये काढलं ते जर्मन जेझुइटांनी. दुष्काळी अहमदनगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामासाठी राबलेले फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडचे. माथ्यावरचं पाणी अडवायला गावानेच श्रमदान करायचं, ही त्यांची रीत. त्या कामातून 1993 मध्ये 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' उभा राहिला. परदेशी पाद्री म्हटलं की ज्यांच्या भुवया उंचावतात, त्यांनी नगर जिल्ह्यातले ते बांध पाहून यावेत.

तेव्हा यंदा एवढं करा. लिलावात भोपळा घ्या आणि ते पैसे बिनतक्रार मिशनच्या पेटीत जाऊ द्या. आपल्या फादरांसाठी दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला ठेवा आणि बँकेचा खर्च वाचावा म्हणून वर्षातून एकदाच पाठवा. पाठवण्याआधी त्यांना पत्र लिहून विचारा की, नक्की काय हवं आहे. ते डिझेल म्हणाले, तर डिझेलचेच पैसे पाठवा.