ऐंशीवर थांबणारं चार्जिंग

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि आपले लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेले. उष्णता आणि शंभर टक्के चार्ज, दोन्हींमुळे लिथियम बॅटरी लवकर खराब होते. म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय अनेक कंपन्या देतात. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकली, की ती गायब! खरं तर सोय मदरबोर्डवरच्या कंट्रोलरमध्ये शाबूत असते. गेलेलं असतं कंपनीचं अ‍ॅप, म्हणजे नुसतं बटण. लिनक्समध्ये थिंकपॅड, असुसच्या बऱ्याच मॉडेलांवर एका फाइलीत ८० लिहिलं की काम होतं. मग हे बटण बायोसमध्येच का नको? काही मॉडेलांत आहेही. सीताबर्डीच्या दुकानात रॅम किती विचारता, तसं पुढच्या वेळी हेही विचारा.