येरवड्याच्या अलीकडे

'याला येरवड्याला धाडले पाहिजे' हे वाक्य पुण्यात थट्टेने उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. मुंबईकर हेच काम 'ठाण्याला पाठवा' असे म्हणून भागवतो. भाषेच्या अध्यापकांना या वाक्प्रयोगांत एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. येरवड्यास मध्यवर्ती कारागृह आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. ठाण्यातही ही दोन्ही आहेत. परिणामी 'तो सध्या येरवड्याला असतो' या विधानाचा अर्थ संदर्भावाचून लागत नाही. माणूस शिक्षा भोगतो आहे की उपचार घेतो आहे? दोन्ही भिंती एकाच नावात सामावल्या हा भूगोलाचा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु घरातल्या माणसाचा तोल सुटतो तेव्हा कुटुंबाला पहिल्याने पोलीसच आठवावेत, हा योगायोग खासच नव्हे.

आम्हांला येथे दीर्घ आजाराविषयी लिहावयाचे नाही. त्याविषयी मराठीत गेल्या काही दशकांत बरेच लिहिले, बोलले गेले आहे. 'देवराई'सारखा चित्रपट २००४ मध्ये आला आणि छिन्नमनस्कता हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. आमचा विषय आहे तो त्या आजारातल्या काही तासांचा. चार रात्री न झोपलेला मुलगा दाराला कडी लावून बसला आहे आणि शेजाऱ्यांनी पाण्यात काही कालवले आहे असे ओरडून सांगतो आहे. नवरा गेल्यापासून अबोल झालेली बाई आज अचानक दागिन्यांची वाटणी करू लागली आहे. वेळ रात्री दोनची. घरच्यांनी काय करावे?

या तासांना मराठीत धड नाव नाही. वेड, भ्रम, उदासी हे जुने शब्द आहेत. नैराश्य, चिंताविकार हे नवे शब्द पाठ्यपुस्तकांतून आले. ते सारे आजाराची नावे आहेत. आजार एकाएकी टोकाला जातो त्या घटकेला आपण 'झटका' म्हणतो खरे, पण तेथेही दुजाभाव आहेच. हृदयाच्या झटक्याला आपण रुग्णवाहिका बोलावतो. मनाच्या झटक्याला शेजारचे चार दणकट तरुण. पहिल्यात 'वाचवा' असे म्हणतो, दुसऱ्यात 'आवरा'. ज्या प्रसंगाला वैद्यकीय नाव नाही, त्याला वैद्यकीय मदतही सुचत नाही.

कायद्याने मात्र हा विचार आपल्याआधी केला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्यातील विधी महाविद्यालयाशी संलग्न अशा अभ्यासकेंद्रातल्या मंडळींचा मोठा वाटा होता, ही पुणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी बाब. आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, भटकत असलेली किंवा स्वतःला वा इतरांना धोका ठरेल अशी व्यक्ती आढळली तर पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यावे, कारण समजावून सांगावे आणि शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, नजीकच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत न्यावे, असे कलम १०० सांगते. कोठडीत वा तुरुंगात तिला कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. कलम ९४ नुसार जीव धोक्यात असेल तर कोणताही नोंदणीकृत वैद्यक, रुग्णालयातच नव्हे तर प्रत्यक्ष वस्तीतही, ७२ तासांच्या मर्यादेत तातडीचे उपचार करू शकतो. शारीरिक आजारासाठी जशी आणि ज्या दर्जाची रुग्णवाहिका मिळते, तशीच मानसिक आजारासाठीही मिळाली पाहिजे, हा हक्क कलम २१ मध्ये लिहिलेला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य कलम ११५ शासनावर टाकते. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या दंडसंहितेतले ३०९ वे कलमच उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता गुन्हा आहे.

इतका उदार कायदा हाती असता अडते कोठे? आमच्या मते, अडते ते घराचा उंबरठा आणि रुग्णालयाचे दार यांच्या मधल्या अंतरात. कायदा हक्क देतो; दार ठोठावणारे माणूस देत नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' सुरू झाले. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जोडून दिले जाते. ही सोय मोलाची आहे आणि तिची टिंगल करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण ज्याने कडी लावून घेतली आहे तो दूरध्वनी कानाला लावील, ही अपेक्षा कोणी करावी? त्याच्या आईला धीर मिळेल, दोन शहाणपणाच्या सूचना मिळतील. त्यापुढे घरी येऊ शकणारे कोण? १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करणारे 'मुक्तांगण', छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी काम करणाऱ्या संस्था, आत्महत्या टाळण्यासाठी ऐकून घेणारे स्वयंसेवक, वस्त्यावस्त्यांत जाणारे कार्यकर्ते अशी पुण्याची पुण्याई मोठी आहे. तरीही अशा रात्री हाक मारताच येणारे प्रशिक्षित पथक ही आपल्या शहरांत पाणी किंवा अग्निशमन यांसारखी नागरी सेवा झालेली नाही. ती जागा रिकामी राहते आणि रिकाम्या जागेत पोलीस येतात. त्यात पोलिसांचा दोष आम्हांला फारसा दिसत नाही. चोवीस तास जागे असलेले खाते तेवढेच, म्हणून नगराची सारी अनाथ दुःखे त्याच्या दारी येतात. परंतु ज्याला आधीच वाटते की आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे, त्याच्या दाराशी गणवेश उभा करणे म्हणजे त्याच्या भ्रमाला पुरावा पुरवणेच होय.

असे पथक ही कविकल्पना आहे काय? अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात यूजीन नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. तेथे १९८९ मध्ये 'व्हाइट बर्ड' या दवाखान्याने 'काहूट्स' नावाची सेवा सुरू केली. एक गाडी आणि तीत दोन माणसे: एक प्राथमिक वैद्यकीय उपचार जाणणारा, दुसरा अशा प्रसंगांत बोलण्याचे शिक्षण घेतलेला. हाती शस्त्र नाही, अंगात गणवेश नाही. आणीबाणीच्या क्रमांकावर आलेल्या हाकांपैकी योग्य त्या हाका त्यांच्याकडे वळवल्या जात. २०१९ या एका वर्षात त्यांनी सुमारे २४ हजार हाकांना प्रतिसाद दिला आणि पोलिसांची कुमक मागावी लागली ती त्यांतल्या काहीशेंच्या वेळी, अशी नोंद त्यांनी दिली आहे. यांतल्या किती हाकांना एरवी पोलीस गेलेच असते, यावर तेथेही मतभेद झाले. तरी निःशस्त्र माणसे हे काम करू शकतात एवढे तर त्यातून निर्विवाद दिसते.

या कथेचा शेवट सांगितल्यावाचून ती सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एप्रिल २०२५ मध्ये यूजीन शहरातली ही सेवा पैशाच्या अडचणीपायी बंद पडली. छत्तीस वर्षे चाललेले आणि इतर शहरांनी आदर्श मानलेले काम थांबले. आमच्या दृष्टीने बोध येथेच आहे. संस्थेच्या निष्ठेवर सेवा उभी राहू शकते, पण दरवर्षी नव्याने मागाव्या लागणाऱ्या निधीवर ती टिकत नाही. आपल्याकडे तर समाजकार्याचा गौरव करून त्याला हार घालण्याची आणि मग त्याची जबाबदारी त्याच्यावरच सोडून देण्याची रीत जुनी आहे. अग्निशमन दल आपण देणग्यांवर चालवीत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कोठून? भारतात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, हे खरेच. पण यूजीनच्या गाडीतही मनोविकारतज्ज्ञ नव्हता. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातल्याच स्त्रीपुरुषांना शिकवून ताणात सापडलेल्यांना आधार देण्याचे काम करून दाखवले आणि पुढे ते गुजरातेत मेहसाण्यात नेले. ते काम आणीबाणीचे नव्हते, हे आम्ही जाणतो. पण शिकवलेला सामान्य माणूस काय करू शकतो याचा तो दाखला आहे. दुसरा आक्षेप हिंसेचा. हाती सुरा असेल तर पोलीस हवेतच. पथकामागे ते उभे असावेत. प्रत्येक वेळी पुढे तेच का असावेत, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शिक्षकांच्या पेशातून या गोष्टीकडे पाहताना आमची चिंता अधिक गडद होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे निर्देश दिले. ते स्वागतार्हच आहेत. पण समुपदेशकाची खोली सायंकाळी बंद होते आणि वसतिगृहातली रात्र त्यानंतर सुरू होते. सहाध्यायाच्या खोलीचे दार आतून बंद असल्याचे ज्या मुलाला कळते, त्याने वसतिगृहप्रमुखाच्या पुढे कोणाला उठवायचे, हे फलकावर लिहिलेले नसते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. १०८ च्या रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावत आहेत. त्यांतल्या काहींवर मनाच्या आणीबाणीचे शिक्षण घेतलेले एकेक माणूस असावे, आधी एका शहरात, मग इतरत्र. १४४१६ वर ऐकणाऱ्याला ती गाडी पाठवता यावी. तिचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या ओळीने दिसावा. आणि रात्र काढण्यापुरत्या चार खाटा प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात असाव्यात, म्हणजे थेट येरवडा गाठावे लागणार नाही. कायद्यात याला आडकाठी नाही. किंबहुना कायदा याचीच वाट पाहत आहे.

घर आणि येरवडा यांच्या दरम्यान कित्येक मैलांचा निर्मनुष्य रस्ता आहे. त्या रस्त्यावर माणसे उभी करणे हे नगराचे काम आहे. ते झाले तर कदाचित भाषाही बदलेल आणि रात्री दोन वाजता 'आवरा' याच्या जागी 'या' हा शब्द तोंडी येईल.